सहावं पातं

"काका, पंप मागल्या बाजूला आहे. मॅनेजर जेवतायत, तोवर बसा इथं," असं म्हणत काउंटरवरच्या जुईलीनं वाल्मीकला जेवणाच्या हॉलमधली खुर्ची दाखवली. वाल्मीक बसला नाही. पान्यांची पिशवी कोपऱ्यात ठेवून तो भिंतीवरचे फोटो बघत उभा राहिला.

ताम्हिणीच्या वाटेवरच्या त्या रिसॉर्टात पुण्याची माणसं हिरवं बघायला येत, आणि आल्यावर दिवसभर मोबाइल बघत. निदान जेवताना तरी त्यांना जंगल दिसावं म्हणून मालकानं भिंतभर फोटो लावले होते. मुंगी, शेवाळ, बेडकाचं पिल्लू, सगळं हातभर मोठं. खाली पाटी होती : 'छायाचित्रं – किशोर, निसर्ग मार्गदर्शक'. वाल्मीकची छाती फुगली. किशोर त्याचा वीस वर्षांपासूनचा दोस्त. घोटावड्याच्या कारखान्यात दोघं शेजारशेजारच्या लेथवर. कारखाना बंद पडला, वाल्मीक पंप दुरुस्त करत हिंडू लागला आणि किशोर इथं चिकटला. आपला माणूस भिंतीवर चढला, याचं त्याला खरोखर कौतुक वाटलं.

मग तो चौथ्या फोटोपाशी आला. कारवीच्या जांभळ्या फुलावर मुगाएवढा कोळी, डोळे रोखून बसलेला. फोटो झकास होता. पण मागच्या अंधुक हिरव्यात दवाचे ठिपके चमकत होते आणि प्रत्येक ठिपक्याचे पाच कोपरे नीट होते, सहावा चेपलेला. उंदरानं बत्तासा कुरतडावा तसा.

वाल्मीकनं खुर्चीची पाठ धरली. असा चेपलेला कोपरा त्याच्या माहितीत एकाच लेन्सचा होता, आणि ती लेन्स दोन वर्षांपूर्वी मुळशी धरणाच्या पाण्यात बुडाली होती.

पौडच्या भिवाजीतात्यांनी पाच वर्षांपूर्वी आपला फोटो स्टुडिओ बंद केला, तेव्हा रिळाच्या कॅमेऱ्याची ती जुनी लेन्स वाल्मीकच्या हातात ठेवली होती. कुणाच्या तरी हळदीच्या कार्यक्रमात ती पडली होती आणि आतल्या झडपेच्या सहा पात्यांपैकी एक वाकलं होतं. तेव्हापासून फोटोत मागं चमकणारा प्रत्येक ठिपका त्या झडपेच्याच आकाराचा, एक कोपरा चेपलेला उमटायचा. "तू कारागीर हायेस. तुज्या हातनं कायतरी व्हईल हिचं," तात्या म्हणाले. किशोरकडे मेव्हण्यानं टाकून दिलेला डिजिटल कॅमेरा होता, तोही बिनलेन्सचा. लेन्स उलटी लावली की मुंगी म्हशीएवढी दिसते, हे किशोरनं मोबाइलवर कुठंतरी पाहिलं होतं. पण जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसायची कशी? वाल्मीकनं जेवणाच्या सुट्टीत लेथवर पितळेची रिंग काढली. एका अंगाला लेन्सचे आटे, दुसऱ्या अंगाला कॅमेऱ्यात अडकणारे तीन कान. दोन रिंगा भंगारात गेल्या, तिसरी कट्‌ करून बसली. शहरातले लोक ज्या लेन्ससाठी हप्ते भरतात तिचं काम भंगारातल्या पितळेनं केलं, म्हणून दोन बापये यंत्रांच्या मधे नाचले.

असा तो कॅमेरा दोघांत मिळून एक होता. एकाचा भाग दुसऱ्यावाचून बिनकामाचा. दर गुरुवारी, कारखान्याच्या सुट्टीला, दोघं ओढ्याकाठी जायचे. लेन्स किड्यापासून चार बोटांवर न्यावी लागे. एकानं श्वास कोंडून कॅमेरा केसभर पुढंमागं करायचा आणि दुसऱ्यानं थर्माकोलची पाटी धरून उजेड वळवायचा, वारा अडवायचा. "उजेड दे," म्हटलं की पाटी कलायची. वाल्मीकची बायको कपाळाला हात लावायची. "दोन घोडं गवतात पालथं पडून मुंग्या बगत्यात. लोकं काय म्हनत आसतील?"

आणि मग दोन वर्षांपूर्वीच्या वैशाखात वाल्मीकला ओव्हरटाइम लागला. किशोर एकटाच गेला आणि भिजलेल्या पँटीनं परत आला. धरणाच्या कडेला पाय घसरला, कॅमेरा गळ्यात राहिला, लेन्स रिंगेसकट निसटून पाण्यात गेली. तो रडकुंडीला आला होता. उलट वाल्मीकनंच त्याला चहा पाजला. "तू वाचलास न्हवं? मग झालं तर." पुढं पाणी आणखी आटल्यावर दोन गुरुवार दोघांनी गुडघाभर गाळात हात घालून लेन्स शोधली. तेव्हाच बाटलीची काच वाल्मीकच्या टाचेत घुसली, आणि तो पाय अजून लंगडतो. किशोरनं त्याला स्कूटरवर घालून टाके घालायला नेलं होतं.

वाल्मीकनं पुन्हा फुलाकडे पाहिलं. कारवी सात वर्षांतून एकदाच फुलते. मागच्या खेपेला ती फुलली तेव्हा लेन्स तात्यांच्या कपाटात होती. त्यानंतर फुलली ती या भादव्यात. म्हणजे धरणात बुडालेल्या लेन्सनं कारवीचा फोटो काढला होता. हातच्या काकणाला आरसा कशाला?

तेवढ्यात किशोर आत आला. डोक्यावर टोपी, छातीवर बिल्ला. "आरं, तू हितं कसा?"

"पंपाला आलोय. ह्यो कोळी कुटला रं?"

"ह्यो मागल्या टेकाडावरचा. झॅक हाय न्हवं?"

"लई झॅक. अन् हे ठिपकं?"

किशोरनं मान वर केली. महिनाभर तो फोटो भिंतीवर होता, येईल तो वाखाणत होता, आणि ते ठिपके त्याला स्वतःलाच दिसले नव्हते. चेपलेला कोपरा डोळ्यांना इतका सवयीचा झाला होता. आता दिसला. तो आतल्या खोलीत गेला, कॅमेरा घेऊन आला आणि टेबलावर ठेवला. पितळेची रिंग घासूनपुसून लख्ख होती.

"तुला सांगायचं हुतं मला," तो म्हणाला.

"कवा? मी गाळात हुतो तवा?"

किशोरनं डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली.

"दोन दिस माज्या शेजारी हात घालत हुतास. काय शोदत हुतास रं तू?"

"तुजा पाय कापला तवा लई वाईट वाटलं मला. आईशप्पत."

"अन् लेन्स कुटं हुती तवा?"

"घरी. गव्हाच्या डब्यात."

वाल्मीकला हसू आलं. केसानं गळा कापतात म्हणतात, तो असा. त्याला वाटलं, याच्या कानाखाली जाळ काढावा, पण हात उचलेना. खरं तर हा उत्तर काय देतो, तेवढंच त्याला ऐकायचं होतं.

"मागितली आसतीस तर दिली नसती व्हय मी?"

"दिली आसतीस की," किशोर जमिनीकडे बघत म्हणाला. "पर तू बी आला आसतास. हितल्या सायबानी तवाच इचारलं हुतं, अन् फोटो काढाया यकच मानूस पायजे हुता."

हॉलच्या दुसऱ्या टोकाला कुणाचा तरी चमचा खाली पडला. वाल्मीकनं कॅमेरा उचलला. रिंग अर्ध्या वळशात सुटते, हे अंगठ्याला अजून आठवत होतं. लेन्स आतून स्वच्छ होती, बुरशीचा ठिपका नाही. त्यानं स्वतःसुद्धा ती इतकी जपली नसती.

"ने तू," किशोर घाईनं म्हणाला. "सायेब नवी घिऊन देनारेत मला."

वाल्मीकनं लेन्स रुमालात गुंडाळली, पान्यांची पिशवी उचलली आणि मागल्या बाजूला गेला. पंप त्यानं नीट खोलला, घासलेला बुश बदलला, टाकीत पाणी पडल्याचा आवाज ऐकला आणि मगच निघाला. जुईली म्हणाली, "काका, चहा?" तो म्हणाला, "नगं बाय. यश्टी जाईल."

एसटी अजून यायची होती. फाट्यावरच्या दगडी कठड्यावर शेवाळ होतं आणि त्यात मोहरीएवढा तांबडा किडा चालत होता. कॅमेरा नव्हता. तरी वाल्मीकनं रुमाल सोडला, लेन्स उलटी धरून डोळ्याला लावली आणि कठड्यावर वाकला. किडा भलामोठा झाला, पायांवरचे केससुद्धा दिसू लागले, पण त्याची स्वतःचीच सावली मधे येत होती.

"उजेड दे जरा," तो म्हणाला.

तो तसाच वाकलेला राहिला. मग सावली पडू नये म्हणून लंगडत कठड्याला वळसा घालून पलीकडे गेला आणि पुन्हा वाकला.