एक चूल, दोन पोटं

सोजराबाईंनी पिशवीतून झाकणाची डबी काढली आणि ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, सगळ्या पुरुषांदेखत, डॉक्टर योगिनीच्या टेबलावर ठेवली. शौचाच्या नमुन्याची डबी ती. कोणीतरी फिस्सकन हसलं. त्यांचा नवरा इंद्रभान मान खाली घालून उभा राहिला.

"लिहा मॅडम माह्यं नाव," त्या म्हणाल्या. "माणसाइच्या डब्या आल्या. बायाइले का पोट नसते?"

लोणारच्या बाजारात भाजी विकणाऱ्या या बाईचं जगणं, पित्ताशय काढल्यापासून, संडासाभोवती फिरत होतं. घास पोटात गेला की पळापळ. तेच ऑपरेशन इंद्रभानचंही झालं होतं, पण तो दगडसुद्धा पचवी. एकाच चुलीवरचं अन्न; मग त्रास हिलाच कसा? एका डॉक्टरने मनाचा आजार ठरवला, घरच्यांनी नखरे. बाजाराच्या दिवशी त्या उपाशीच बसत. गावाला जाणं तर सुटलंच होतं.

पोटातलं पित्त आणि आतड्यातले जिवाणू एकमेकांना घडवत असतात, आणि बाईच्या पोटात तो कारभार पुरुषासारखाच चालेल असं नाही, हे संशोधनासाठी आलेल्या योगिनीने गावाला आधीच समजावलं होतं. तेच तिला बायका-पुरुष दोघांच्या नमुन्यांवरून तपासायचं होतं. पण लाजेपोटी बायकांची एकही डबी येईना. तिच्यावर गाशा गुंडाळायची वेळ आली होती.

त्या दिवशी दुपारपर्यंत ओट्यावर बायकांची रांग लागली. शेजारची चांगुणा डबी पदराखाली झाकून आली होती. सोजराबाईंना पाहून तिने पदर बाजूला केला.

काही महिन्यांनी योगिनी निकाल सांगायला आली. गावातल्या बायकांचं पित्त आणि जिवाणू पुरुषांपेक्षा खरोखरच वेगळे निघाले होते. सोजराबाईंच्या मोठ्या आतड्यात तर नको तितकं पित्त उतरत होतं. त्यांच्या मनाला काहीही झालेलं नाही, हे तिने सगळ्यांसमोर सांगितलं. पित्त बांधून ठेवणारी पावडर सुरू झाली आणि पोट हळूहळू निवलं.

"मी म्हनत होती ना, खरं हाय म्हनून," घरी आल्यावर त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"हाव," इंद्रभान एवढंच बोलला.

जानेवारीत दोघं एसटीने हिवरा आश्रमाला उत्सवाला गेली. हजारोंच्या पंगतीत पुरी आणि वांग्याची भाजी फिरत होती. वाढपी जवळ आला, तसा इंद्रभानने सवयीने बायकोच्या पत्रावळीवर हात आडवा धरला.

सोजराबाईंनी तो हात बाजूला केला.

"वाढ बापा," त्या म्हणाल्या. "भाजी बी वाढ."