गरम बट्टी

किती पंगती वाढल्या असतीन, पण गरम बट्टी मी कधी खाल्ली नाही. आधी पाहुणे, मग घरचे माणसं, मग लेकरं. आमच्या बायाईची पंगत बसेपर्यंत बट्टी दगड झालेली आन् वरणात पाणी पडलेलं. लोक म्हणतात, पंगतीची मजा बुफेत नाही. म्हणणारा नेहमी पह्यल्या पंगतीतला असते.

पुतणी निशिगंधाचं लग्न चिखलीच्या मंगल कार्यालयात झालं. बुफेचा हट्ट तिचाच. म्या सकाळीच ठरवलं, आज गरम खायचं.

अक्षता पडल्या तशी मी टेबलापाशी गेली आन् प्लेट उचलली. मागून माहे दीर पंजाबराव, म्हणजे नवरीचे वडील, म्हणे, "वहिनी, पह्यले माणसाईचं होऊ द्या. मग बायाईचं."

"काऊन भाऊजी? इथं कुठी पंगत बसली?"

"चारचौघात बरं दिसत नाही."

मले असा राग आला का सांगायची सोय नाही. चाळीस वर्सं ह्याच माणसाले म्या गळ्याची आन घालू घालू वाढलं. मले कोणी अर्धी बट्टी घे म्हटलं नाही.

"नोका पाहू मंग," म्या म्हटलं. "तोंड तिकडं करा."

बट्टी चुरली, तूप ओतलं, वरून वरण घेतलं. बोटं पोळली. पह्यल्या घासाले मले रडू आलं, तरी मी खातच राह्यली.

तितक्यात पंजाबरावची बायको, माही जाऊ पुष्पाबाई, कोपऱ्यातून उठली. "सरका जरा, बाई," म्हणे, आन् तिनंबी प्लेट उचलली. नवऱ्याकडं पाह्यलंसुद्धा नाही. मंग काय, तिच्यामागं बायाईची रांगच लागली.

पंजाबराव शेवटी आले. सवयीनं प्लेट पुष्पाबाईपुढं धरली. "वाढ."

तिचा हात पळीकडं गेलाच होता. म्या तो धरला. "घेऊ दे त्याईले."

त्याईनं पळी उचलली आन् तसेच उभे राह्यले. "किती घेऊ?" मलेच विचारलं.

"भूक तुमची हाय, भाऊजी."

त्याईनं दोन बट्ट्या घेतल्या. एक तोडून पाह्यली, तुटेना.

"थंडी झाली हो, वहिनी."

"हाव," म्या म्हटलं. "आमची अशीच राहते."