खांडीचा दिवस

"मनू, यातलं सुजितला काही सांगायचं न्हाय. माझ्या जिवाची शपथ हाय तुला."

नवऱ्याचा पाच वर्षांपूर्वीचा तो आवाज मांडव्याच्या धक्क्यावर, भर सकाळच्या गलक्यातही मनुबाईला लख्ख ऐकू आला. तिने डब्याची पिशवी बाकावरून उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"आये, बस की एका जागी. तू उभी राहिलीस म्हणून बोट लवकर येणारे का?" सुजित म्हणाला.

"तू बस. माझ्या पायांना काटे फुटलेत."

तिचा नवरा, रावजी, हृदयाचा झटका येऊन कालपासून मुंबईच्या हॉस्पिटलात होता. लेक क्रांती त्याच्यापाशी थांबली होती, आणि आईला न्यायला सुजित पहिल्या बोटीने आला होता. उद्या रावजीच्या हृदयात सुईने औषध सोडायचं होतं.

फोन वाजला. डॉक्टर अमिषा होत्या. सुजितने फोन आईलाही दिसेल असा धरला. पडद्यावर रावजीचं हृदय उमटलं, करडं, हलतं, अंगावर लाल-पिवळे डाग घेतलेलं.

"एमआरआयचं चित्र आम्ही चालू एक्स-रेवर बसवतो," डॉक्टर म्हणाल्या, "म्हणजे सुई नेमकी कुठे आहे ते कळतं. लाल ते मेलेलं. पिवळा काठ अजून जिवंत आहे, औषध तिथे टोचायचं. उपचार नवा आहे, खात्री मी देत नाही."

मनुबाई वाकून बघत राहिली. खारं पाणी शिरलेलं शेत असंच दिसतं. मधोमध पांढरंफटक, आणि कडेला चार रोपं हट्टाने हिरवी.

"पण इथे खाली आणखी एक डाग आहे. चित्रावरून ठाम सांगता येत नाही. जुना असेल तर तिथली भिंत कच्ची, सुई आरपार जायची भीती. मग ती बाजू मी सोडून देईन. बाबा म्हणतात, आधी कधीच काही झालं नव्हतं. नक्की ना?"

"नक्की," सुजित हसला. "दवाखान्याची पायरी माहीत नाही त्यांना. बैल आहे आमचा म्हातारा."

मनुबाई चार पावलं गेली, परत आली. समुद्राकडे पाठ केली, पुन्हा तोंड केलं.

खाडीच्या बांधाला खांड पडली, भगदाडातून खारं पाणी शेतात शिरलं, की गावात घरटी एक माणूस उतरतो आणि ती बुजेपर्यंत चिखलातून कुणी बाहेर निघत नाही. पाच वर्षांपूर्वीच्या त्या भादव्यात उधाणाने बांध फोडला, तेव्हा सुजितने मुंबईहून कळवलं होतं, 'बाबा, मी येतो, तुम्ही उतरू नका.' आणि मित्राच्या साखरपुड्यात अडकला. रावजी संध्याकाळी घरी आला तो छातीवर मूठ दाबून, घामाने निथळत. तिने ओव्याचं पाणी दिलं. दवाखान्यात चला म्हणाली, तर त्याने शपथ घातली. पोराला जन्मभर डाचेल, म्हणाला. दुसऱ्या दिवशी सुजितच्या फोनवर मात्र हसत होता, "बुजली रं खांड! तुझ्यावाचून काय अडतं व्हय आमचं?"

शपथ मोडली तर त्याचा जीव, पाळली तरी त्याचाच.

"मग हा डागही ताजाच धरते," डॉक्टर म्हणाल्या. "तिथेही टोचू. ठेवू फोन?"

बोट धक्क्याला लागत होती. माणसं रांगेला धावली. सुजितने पिशवी उचलली.

"थांबा, बाई," मनुबाईने फोन दोन्ही हातांनी धरला. "तिथं टोचू नका. तो डाग जुना हाय. पाच वर्सं झाली त्याला."

"आये? काय बोलतेस? कधी झालं हे?"

मनुबाईने फोन सोडला नाही. लेकाकडे बघितलं, तेही पुरतं नाही, त्याच्या सदऱ्याच्या गुंडीपर्यंतच.

"खांड बांधली त्या दिवशी. दुपारपर्यंत तुझी वाट बघितली, बाळा, मग उतरले ते."