तिसऱ्या रांगेतले उंदीर

तिसऱ्या रांगेतला चौथा उंदीर मेलेला निघाला, तेव्हा उंदीरकाकांनी पिंजऱ्यावरची चिठ्ठी दोनदा वाचली. चिठ्ठी बरोबर होती. या रांगेला विष टोचलेलंच नव्हतं.

एकवीस वर्षं ते प्रयोगशाळेतल्या उंदरांचं खाणंपिणं बघत होते, म्हणून सगळे त्यांना उंदीरकाका म्हणत. या खेपेला तपासणीला आली होती सर्पविषावरची एका नामांकित वैद्यांची गोळी. मुळ्या आणि भस्मं घोटून केलेली, काळी, मिऱ्याएवढी. पहिल्या रांगेला विष आणि नुसतं पाणी, दुसरीला विष आणि गोळी, तिसरीला फक्त गोळी. डबा उघडताच काकांनी ती वासावरून ओळखली होती आणि मनातून ते सुखावले होते. चला, आता तिचा गुण कागदावर येईल.

कारण अकरा वर्षांपूर्वी, भर दुपारी बायकोला साप चावला, तेव्हा त्यांनी तिला हीच गोळी दिली होती. तिचा धाकटा भाऊ टेम्पो घेऊन दारात आला, तर काकांनी त्याला उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू दिलं नाही. तासाला एक अशा चार गोळ्या मधातून चाटवल्या. ती ओकली, पोट धरून कळवळली. गोळी देणारे वैद्य म्हणाले, विष उतरतंय. दिवेलागणीला भावाने तिला जवळजवळ हिसकावूनच दवाखान्यात नेलं. तिथे विषावरची सुई टोचून तास होत नाही तोच ती गेली. तिला निरोप द्यायला जमलेल्या सगळ्या गोतावळ्यासमोर काका मेहुण्याला म्हणाले होते, "तुझ्या सुईने मारलं तिला." तेव्हापासून येणंजाणं तुटलं. सात वर्षांची लेक अठराची झाली, पण मामाचं तोंड तिने पुन्हा पाहिलं नव्हतं.

तपासणी करणाऱ्या मॅडम वयाने लेकीपेक्षा थोड्याच मोठ्या. काकांनी विचारलं तसं त्यांनी मेलेल्या उंदराचं पोट उघडून दाखवलं.

"सोमल आहे यात, काका, म्हणजे आर्सेनिक. आणि पारा. आतडी बघा कशी झालीत."

"आणि दुसरी रांग?"

"दहातले नऊ गेले. पहिल्या रांगेतले सहाच. म्हणजे गोळी दिली नसती तर जास्त जगले असते."

माणसाचंही असंच होतं का, असं काकांनी विचारलं. मॅडमना काकांच्या बायकोबद्दल काहीच ठाऊक नव्हतं, त्या हातमोजे काढता काढता सहज बोलून गेल्या. तंतोतंत असंच होईल असं नाही म्हणाल्या, पण घरी गोळ्या देण्यात तीन-चार तास गेले तर दवाखान्यातली सुई तरी काय करणार? काकांनी मान डोलावली. मेलेले उंदीर पिशवीत भरले, पिंजरे धुतले, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि ते थेट मेहुण्याकडे गेले.

मेहुण्याचा लाकूडकामाचा कारखाना होता. काकांनी त्याला बाजूला बोलावून, जे पाहिलं ते सगळं हळू आवाजात सांगितलं. तो फळीवरचा भुसा झाडत ऐकत राहिला.

"पोरीला सांगितलंत?"

"अजून नाही. घरी गेलो की सांगतो."

"दाजी, तेव्हा मला चारचौघांत बोललात ना?"

"हो."

"आईने ते खरं मानलं. मरेपर्यंत माझ्या हातचं पाणी घेतलं नाही तिने. मग आज माझ्या कानात कशाला सांगता?"

त्याने हाका मारून कामगारांना गोळा केलं. आतून बायकोलाही बोलावलं. आठ-दहा माणसं हातातलं काम टाकून उभी राहिली. काका त्यांच्यासमोर आले. त्यांच्यापैकी एकालाही ते ओळखत नव्हते.

"माझ्या बायकोला मी मारलं," ते म्हणाले. "याने नाही. हा तिला वाचवायला आला होता."

मागे कापायची मशीन चालूच होती. तिच्यापाशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने कानामागे हात धरून शेजाऱ्याला विचारलं, काय म्हणाले? मेहुण्याने मशीन बंद करायला लावली.

"पुन्हा सांगा," तो म्हणाला.

काकांनी सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि पुन्हा सांगितलं.