बाहुल्यांच्या डॉक्टरणीचं नवं बिऱ्हाड

गल्लीत नळ टाकायला म्हणून जो खड्डा खणला, तो पुढे खणणाऱ्यांनाही आवरेना. एका गृहस्थाची छत्री त्यात पडली, ती काही दिवसांनी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला वर आली आणि खालून कुणीतरी तिची मोडकी मूठ बदलून दिली होती, असं शपथेवर सांगणारी माणसं अजून धडधाकट आहेत. छत्रीचं खरंखोटं छत्रीला ठाऊक. पण खड्ड्यापलीकडे गिऱ्हाईक फिरकेनासं झालं, हे सोळा आणे खरं.

पलीकडे दुकान होतं बाहुल्यांच्या डॉक्टरणीचं. निखळलेले डोळे, तुटलेली बोटं, घरातल्या कुत्र्यानं चघळलेले कान ती असे जोडायची, की आपल्याला कुठे लागलं होतं हे बाहुलीनंही विसरावं. आता मात्र दाखल बाहुल्यांना निजवायचा खाटांचा कप्पा रिकामा होता. तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे भावोजी, यांचं खुर्च्या-टेबलांचं मोठं दुकान होतं. त्यांनी मायेनंच सांगितलं, की हे बंद कर आणि माझ्या गल्ल्यावर येऊन बस. मायेनं सांगितलेलं नाकारणं फार जड जातं. त्यात गल्ल्यावर दिवसभर खुर्च्याच बघायच्या, आणि खुर्चीला डोळे नसतात. डॉक्टरणीनं उन्हाळा सरेपर्यंतची मुदत मागून घेतली. तोवर हाताला काम मिळालं तर दुकान राहील, नाहीतर ती निमूट गल्ल्यावर जाईल, असं ठरलं.

गिऱ्हाईक इथवर येत नाही, तर दुकानच त्याच्या घरी न्यावं, असं तिच्या मनानं घेतलं. म्हणजे वेबसाइट. आता वेबसाइटला राहायला जागा लागते, तिला होस्टिंग म्हणतात आणि ती भाड्यानं मिळते, एवढं कळलं आणि तिथेच घोडं अडलं. जागांचे प्रकार इतके, की सोयरीक परवडली.

भावोजी मदतीला धावले. भावोजी बोलायला लागले, की भिंतीवरचं घड्याळ ऐकायला थांबायचं आणि मग सगळ्या घराला उशीर व्हायचा. त्यांनी तिला समजावलं. शेअर्ड होस्टिंग म्हणजे एका घरात बरीच बिऱ्हाडं आणि पाण्याचा नळ एक. शेजाऱ्याकडे पाहुणे आले, की आपल्या नळाची धार बारीक. त्याच्या वरचा प्रकार घेतला, तर घर सामाईक पण नळ आपला. आणि सगळ्यात वर अख्खा सर्व्हर, म्हणजे स्वतंत्र बंगला. तोच घे, हा त्यांचा हट्ट. लग्नाच्या वेळी स्वतःला कोट शिवतानाही यांनी असंच मोठं माप दिलं होतं, त्यात अजून वाढतायत, असं ताई आतून म्हणाली.

डॉक्टरणीनं होस्टिंग कंपनीच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला आणि घरमालकिणीला विचारावं तसं विचारलं. शेजार कसा आहे, दाराला कुलूप तुम्ही देता की मी आणायचं, मध्येच जागा सोडली तर सामान अडवून तर ठेवणार नाही ना. पलीकडच्या मुलीला हसू आवरेना. हसून झाल्यावर तिनं विचारलं, "मावशी, रोज किती जण येतील असा अंदाज आहे?"

"सध्या एक मांजर येते. तीही काही घेत नाही."

"मग बंगला कशाला? खोली बास."

त्या मुलीनं आणखीही चार शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या. पहिल्या वर्षाचं भाडं बघून भुलू नका, दुसऱ्या वर्षी ते किती होणार ते आधी विचारा. पत्त्याची पाटी, म्हणजे डोमेन, स्वतःच्याच नावावर घ्या, मग जागा बदलली तरी पाटी तुमचीच. शिवाय सगळ्या सामानाची एक प्रत आपल्याजवळ ठेवा. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असंच ना, डॉक्टरणीनं विचारलं. अगदी तसंच, ती म्हणाली. डॉक्टरणीनं सगळ्यात लहान खोली घेतली.

आणि पहिल्याच पायरीला ठेच लागली. बाहुल्यांच्या धंद्यात एक रीत असते. बाहुली दाखल झाली, की भिंगातून बघितल्यासारखा अगदी जवळून तिचा फोटो काढायचा, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको, की हा ओरखडा तुमच्याकडे पडला. डॉक्टरणीनं तेच फोटो जसेच्या तसे वेबसाइटवर चढवले. पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा असे. भावोजींनी आपल्या घरी वेबसाइट उघडली, आंघोळ केली, जेवले, एक डुलकी काढली आणि येऊन पाहिलं, तर बाहुली कपाळापर्यंत उतरली होती. नाक संध्याकाळी आलं, असं ते पुढे सगळ्यांना सांगत.

"मी सांगत नव्हतो?" ते फोनवर म्हणाले. "जागा अपुरी पडतेय. बंगला घे."

उन्हाळा उतरणीला लागला होता. डॉक्टरणीनं कंपनीच्या पानावर बंगल्याची योजना उघडली, बोट बटणावर नेलं. पण तिचं बोट इतकी वर्षं एका सवयीत मुरलेलं होतं. बाहुलीची मान कलली, की ती लगेच मान बदलायची नाही. डोक्यात कुणी भुसा जास्त तर नाही ना कोंबला, ते आधी चाचपायची. तिनं पुन्हा त्या मुलीला फोन लावला आणि विचारलं, की बाई, खोली लहान पडतेय की माझं सामान जड आहे?

मुलीनं तिकडून बघितलं. "मावशी, खोली तर निम्मीही भरली नाही. पण तुमचा एकेक फोटो हत्तीएवढा आहे. तो दारातून बाहेर पडेपर्यंत गिऱ्हाईक निघून जातं."

फोटो हलके कसे करायचे, तेही तिनंच शिकवलं. पहिल्या दोन बाहुल्या पार धुरकटल्या, तिसरी जमली. पापण्या शाबूत आणि वजन पिसाएवढं. आता पान असं उघडू लागलं, की बघणाऱ्यानं डोळे मिचकावले तर बाहुली उलट मिचकावते, असा बोभाटा झाला.

आधी एका आजोबांचा निरोप आला. बायकोची लहानपणची बाहुली आहे, एक डोळा उघडत नाही, पाठवली तर चालेल का. मग एका नाटकवाल्यांनी पेटीभर बाहुल्या धाडल्या, सगळ्या पडेल. खाटांचा कप्पा भरला, तेव्हा बुटांची खोकी अंथरून जादा खाटा केल्या.

उन्हाळा सरला आणि भावोजी उत्तर घ्यायला आले. दार उघडंच होतं. डॉक्टरणीनं मान वर न करता त्यांना स्टुलावर बसवलं आणि एका बाहुलीचा नुकता चिकटवलेला पाय त्यांच्या हातात दिला. भावोजींनी घसा साफ केला, गल्ल्याचा विषय काढला.

"भावोजी, बोला, पण हलू नका," ती दुसरी बाहुली उचलत म्हणाली. "पाय वाकडा बसेल."

भावोजी हलले नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी हळूच विचारलं, की हा वाळल्यावर पुढचा कुठला धरायचा आहे.