वाकड्या नाकाची सलीमा

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. मालवणच्या किनाऱ्यावर माडांच्या सावलीत कलंडून पडले आहे. माझं नाव सलीमा. माझे मालक अस्लमभाई यांनी आपल्या आईचं नाव मला दिलं.

ज्या फणसाच्या फळ्यांतून मी घडले, त्याच फळ्यांतून सुताराने आणखी एक होडी केली, किशोरी. ती अस्लमभाईंचा जिवाभावाचा मित्र बाबू याची. म्हणजे माझी सख्खी बहीणच. ती सरळ उतरली आणि माझं पुढचं टोक, म्हणजे नाळ, जरा डावीकडे झुकलं. बाबू चिडवायचा, "अस्लम, तुझी बाय वाकड्या नाकाची रे!"

"नाक वाकडां आसा, पण मासो बरोबर हुंगता," अस्लमभाई म्हणायचे. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

बंदराच्या तोंडाशी आम्ही समोरासमोर आलो की किशोरी किल्ल्याच्या अंगाला सरकायची आणि मी सरळ आत यायचे. कुणी ठरवलं नव्हतं, वळण पडलं होतं. किशोरीचं इंजीन खोकत यायचं. तो खोकला ऐकला की दिसो न दिसो, अस्लमभाई हात वर करायचे.

माघातल्या एका सकाळी आम्ही मासळी घेऊन परतत होतो. धुकं इतकं दाट, की नाळेवर उभा असलेला फैसल, अस्लमभाईंचा धाकटा भाऊ, मागून पुसटच दिसत होता.

"भाई, समोरसून होडी येता! बाजूक घे!" तो ओरडला.

"अरे, बाबूच तो. आवाज आयकलंस मा? तो किल्ल्याकडसून जातलो." अस्लमभाईंनी नेहमीसारखा हात वर केला.

किशोरी सरकली नाही. तिच्यावर बाबू नव्हताच. गुडघे गेले म्हणून त्याने ती नुकतीच परगावच्या एका तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्याला, विकली होती आणि मित्राला या विक्रीचा पत्ता लागू दिला नव्हता. त्या तांडेलाला तरी दोष कसा द्यावा? आमचं वळण त्याला कुठून ठाऊक असणार?

माझ्या सख्ख्या बहिणीने माझं नाक फोडलं. फैसल तिथेच उभा होता, तो पाण्यात फेकला गेला. दोन्ही होड्यांवरच्या माणसांनी उड्या टाकून त्याला वर काढलं, पण जीव उरला नव्हता.

दफन झाल्यावर बाबू माझ्यापाशी आला. अस्लमभाई इथेच बसले होते.

"माका आता दर्यार जावक जमना नाय, ह्या तुका सांगूची लाज वाटली रे," तो रडत म्हणाला.

अस्लमभाईंनी त्याला शेजारी बसवलं. मग म्हणाले, "मी आवाज वळखलंय, माणूस बघूक नाय."

त्यानंतर मी पाण्यात उतरले नाही. तारकर्लीचा एक लॉजवाला मला बागेत नेऊन माझ्यात फुलझाडं लावणार होता. अस्लमभाईंनी त्याला परत पाठवलं. "हिच्यात झाडां नाय लावूची. हयसर माझो भाव उभो रवायचो."

दर वर्षी ते मला मोरीमाशाचं तेल चोपडतात. फुटलेल्या नाळेला मात्र हात लावत नाहीत. ती तशीच सुकत चालली आहे आणि मला त्याचं वाईट वाटतं.

मित्रांनो, होडीला तेल द्या, इंजीन जपा, ते हवंच. पण ज्यांचे कान तुमच्या आवाजावर विसंबलेले असतात, त्यांना आपलं थकणंही वेळेवर सांगा. त्यात कसली लाज?

संध्याकाळी किशोरी खोकत बंदरात येते. अस्लमभाईंचा हात अजूनही वर जातो. मग शेजारी बसलेला बाबू तो हळूच धरून खाली घेतो.