दीड किलो कमी

"पोरी, हळू. चाक आहे ते, अक्कलदाढ नव्हे," हेल्मेटच्या आतून काका म्हणाले.

"दाढा तुम्ही उपटा. मला नट आवळू द्या."

काका आठवडाभर दातांचे डॉक्टर आणि सुट्टीच्या दिवशी शर्यतीचे ड्रायव्हर. तिचे बाबा बस डेपोत मेकॅनिक. दोघांनी मिळून ही छोटी लाल गाडी उभी केली होती. एकाने पळवायची, दुसऱ्याने जपायची. हौशी चालकांच्या राष्ट्रीय स्पर्धेला दोघं दरवर्षी यायचे आणि हात हलवत परतायचे. एकदा तरी पहिल्या तिघांत यायचं, एवढाच बाबांचा हट्ट. ते गेल्यावर काका म्हणाले, "यंदा शेवटचं. तू येतेस?" ग्रंथालयातून रजा काढून ती आली. घरच्या गॅरेजमध्ये बाबांच्या हाताखाली वाढलेली ती; काम येत होतं. स्पर्धा मात्र तिने कधी पाहिली नव्हती.

इतर तंबूंत माणसांचे जथे होते, हसणं-खिदळणं होतं. इथे ती एकटीच.

"तुझा बाप असता तर एव्हाना माझा जॅक पळवला असता," शेजारच्या तंबूतला मिशाळ मेकॅनिक म्हणाला.

"पाहिजेच आहे. देता?"

"घे बाई. बापावरच गेलीस."

शर्यतीत काका मागून सुटले आणि एकेकाला गाठत पुढे सरकले. शेवटच्या फेरीत लाल गाडी तिसरी आली. बाबांना सांगायला ती सवयीने बाजूला वळली. बाजूला कुणाचा तरी झिजलेला टायर भिंतीला टेकून उभा होता.

मग वजन. शर्यत संपली की गाडी ड्रायव्हरसकट काट्यावर चढवतात. ठरल्यापेक्षा हलकी भरली, तर क्रमांक रद्द.

"दीड किलो कमी," तपासनीस म्हणाला.

"परत घ्या," ती म्हणाली.

परत घेतलं. काटा हलला नाही.

"नियम आहे, ताई."

"पण पेट्रोल मी मापून भरलं होतं! सीटखालच्या शिशाच्या पट्ट्यासुद्धा बाबांनी बसवल्या तशाच आहेत, एकही काढली नाही."

मिशाळ मेकॅनिक हळूच म्हणाला, "आणि डॉक्टरांना काट्यावर कुणी उभं केलं?"

"म्हणजे?"

"तुझा बाप इथे आल्या आल्या आधी त्यांना काट्यावर चढवायचा. 'दातवाल्या, रात्री काय हादडलंस?' म्हणून शिव्या द्यायचा आणि त्या हिशोबाने शिसं घालायचा नाहीतर काढायचा. आम्हाला वाटायचं, थट्टाच चाललीय."

काका गाडीतून उतरले. तिच्याकडे न बघता तंबूत गेले. ती मागोमाग आली तेव्हा त्यांनी शर्यतीचा जाड पोशाख कमरेपर्यंत उतरवला होता. आतली पँट चुण्या पाडून आवळली होती, वायरी बांधायच्या प्लॅस्टिकच्या पट्टीने. इतके दिवस ती या माणसाच्या शेजारी उभी राहून काम करत होती आणि तिला फक्त गाडी दिसली होती.

"काका, हे कधीपासून?"

"पट्ट्याला भोकं पुरेनात." ते हसायला गेले, जमलं नाही. "जेवण जात नाही गं. दवाखाना आटपला की मी डबा घेऊन तुमच्या गॅरेजवर यायचो. तुझ्या बापाशी भांडत भांडत दोन घास जास्तच जायचे."

"मग मला बोलायचं ना."

"तू काम झालं की लगेच कुलूप लावायचीस. तुला कसं म्हणणार, बस जरा म्हणून?"

कुलूप लावून ती घरात जायची ती रडायला. ते तिने सांगितलं नाही.

"तुझ्या बापाचा नंबर घालवला मी," काका म्हणाले.

"काट्यावर उभं करायचं काम माझं होतं."

बाहेर लाउडस्पीकरवर तिसऱ्या क्रमांकासाठी दुसऱ्याच कुणाचं नाव पुकारलं गेलं. टाळ्या झाल्या. काकांनीही बसल्याबसल्या वाजवल्या, मग तिनेही.

तिने एक टायर आडवा केला, त्यावर वर्तमानपत्र अंथरलं आणि आपला डबा उघडून मधोमध ठेवला. काकांनी पावाचा तुकडा मोडला आणि खाली मान घालून बराच वेळ चावत राहिले. त्यांचा घास गिळून होईपर्यंत ती थांबली. तिला भूक नव्हती. तरी तिने हात पुढे केला आणि एक तुकडा मोडून घेतला.